कॉइल भरण्याआधी सेल बघ

या वेळचं पत्र लेस्टरहून आलंय. लिहिणारा मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं मोटारी भरायचं, म्हणजे वायंडिंगचं, दुकान. पत्र लांबलचक होतं, कामाचा भाग तेवढा इथं देतो.

"सर, दहा वर्षं सिगारेट ओढली, रोज एक पाकीट. इंग्लंडात आल्यावर वापरून फेकून द्यायच्या व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आलो आणि सिगारेट सुटली. दीड वर्ष झालं, एकही ओढली नाही. पण १ जून २०२५ पासून इथं त्या फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली. एका मित्राने त्याचं जुनं सामान दिलं. पितळी नळीचा मेकॅनिकल मॉड, त्यावर दोन कॉइलचा ड्रिपर, मिळून ०.१५ ओहम. तो म्हणतो, ओहम जितका कमी तितकी मजा जास्त. मला पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. कॉइल मी स्वतः बनवू शकतो, लहानपणी बाबांच्या शेजारी बसून मोटारी भरल्यात. तर ॲटमायझर, म्हणजे कॉइल बसते आणि वाफ होते तो भाग, कुठला घेऊ आणि ओहम किती ठेवू? दुकानात नायक्रोमच्या तारेचं एक रीळ पडून आहे, बाबा पाठवतो म्हणतात, ते चालेल का? आणि दिवाळीला घरी येतोय. किट सोबत आणलं तर चालतं का? भाचा इंजिनिअरिंगला आहे, 'मामा, मला पण एक आण' म्हणून मागे लागलाय."

गड्या, दीड वर्ष सिगारेट नाही, ही गोष्ट तू पत्रात एका ओळीत उरकलीस. मी निपाणीच्या तंबाखूची विडी एकवीस वर्षं ओढली आणि ती सोडताना घरातल्या माणसांना जे सोसायला लावलं ते अजून ऐकून घेतोय. त्यामुळे तुझ्या सगळ्या प्रश्नांकडे मी एकाच नजरेनं बघणार आहे. ज्यानं तू परत सिगारेटकडे जाणार नाहीस आणि हात-तोंड भाजून घेणार नाहीस, ते बरोबर. बाकी मजा वगैरे मित्राला लखलाभ.

मी स्वतः हे यंत्र ओढत नाही. पण तीस वर्षं पोरांना इलेक्ट्रिकल शिकवलंय, आणि परदेशी गेलेल्या पोरांनी व्हिडिओ कॉलवर इतक्या कॉइल दाखवल्यात की आता डोळे मिटून वेढे मोजता येतील. शेवटी तापणारी तार ती तापणारी तार. इस्त्रीत असो नाहीतर व्हेपमध्ये, ओहमचा नियम दोन्हीकडे तोच.

तर आधी ती पितळी नळी. पत्र वाचून झालं की तिच्यातला सेल काढ आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेव. मेकॅनिकल मॉड म्हणजे काय, तर सेल, बटण आणि कॉइल, मध्ये दुसरं काही नाही. ना फ्यूज, ना सर्किट, ना कुणी 'थांब' म्हणणारं. मोटार जळू नये म्हणून लावलेला ओव्हरलोड रिले काढून ती थेट लाइनवर टाकावी, तसला प्रकार. तुझ्या बाबांनी कुठल्या गिऱ्हाइकाला असं करू दिलं असतं का?

आता हिशोब कर. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम सेलचे व्होल्ट ४.२. भागिले ०.१५ ओहम. येतात २८ ॲम्पिअर. तुमच्या घरातला दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ ॲम्पिअरच्या आसपास घेतो. म्हणजे गीझरच्या तिप्पट करंट आणि तो कुठून, तर अठरा मिलिमीटर जाडीच्या आणि पासष्ट मिलिमीटर लांबीच्या सेलमधून. त्या सेलचं नाव १८६५० पडलंय तेच या मापांवरून. यातला एक चांगला समजला जाणारा सेल, सॅमसंगचा २५आर, सलग २० ॲम्पिअरसाठी बनवलाय. मित्राच्या नळीत कुठला सेल आहे ते तू लिहिलेलं नाहीस, बहुतेक तुलाही माहीत नसावं. पण २५आर जरी असला तरी तू त्याच्याकडून मर्यादेच्या जवळजवळ दीडपट काम घेतोयस, तेही तोंडासमोर धरून. २०१८ साली फ्लोरिडात एक माणूस याच जातीच्या मॉडचा स्फोट होऊन गेला. तुला घाबरवायला सांगत नाही. २८ हा आकडा कागदावर लहान दिसतो म्हणून सांगतोय.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. लोडशेडिंगच्या दिवसांत टॉर्चसाठी एक जादा सेल खिशात टाकून रंकाळ्यावर फिरायला निघालो होतो. त्याच खिशात किल्ल्या. सेलच्या टोकाजवळचं प्लास्टिक थोडं फाटलेलं, ते मी बघितलेलं होतं आणि 'उद्या टेप लावू' म्हणून सोडून दिलेलं. संध्यामठापर्यंत पोचायच्या आत मांडीला चटका बसला. चारचौघांत मी काय नाच केला ते विचारू नकोस. जुडगा बाहेर काढला तर कडी हातात धरवत नव्हती आणि दुकानाच्या किल्लीवर काळा डाग पडला होता, तो अजून आहे. हे सगळं बटण, कॉइल काही नसताना, नुसत्या एका किल्लीनं. तेव्हापासून सुटा सेल प्लास्टिकच्या डबीशिवाय माझ्या घरातून बाहेर पडत नाही.

आता मित्राचं ते वाक्य, ओहम कमी तितकी मजा जास्त. त्याच्या नळीपुरतं ते अर्धं खरं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट. सेलचे व्होल्ट तुझ्या हातात नाहीत, म्हणून जास्त वॉट हवे असतील तर ओहम उतरवणं हा एकच रस्ता उरतो. १ ओहमला साडेसतरा वॉट, ०.५ ला पस्तीस, ०.१५ ला जवळजवळ एकशे अठरा. जुन्या काळी सगळे नळ्याच ओढायचे, तेव्हाची ही म्हण. आज चिप असलेला मॉड, ज्याला रेग्युलेटेड म्हणतात, तो घेतलास की वॉट तू पडद्यावर ठरवतोस आणि चिप त्याप्रमाणे व्होल्ट देते. मग कॉइल ०.५ ची असो की १.० ची, १४ वॉट म्हणजे १४ वॉट. हे तुला तरी पटायला पाहिजे. तीन एचपीची मोटार सिंगल फेजला भरली काय नि थ्री फेजला भरली काय, तारेचं गेज बदलतं, वेढे बदलतात, पण एचपी तीनच राहतात.

मग ओहमचा उपयोग काय? ओहम कमी करायचा म्हणजे तार जाड घ्यायची किंवा दोन कॉइल समांतर जोडायच्या. जाड तारेत धातू जास्त, म्हणून तापायला वेळ आणि वॉट जास्त लागतात. पृष्ठभाग जास्त, म्हणून वाफ ढीगभर. वाफ ढीगभर म्हणून हवा ढीगभर लागते आणि झुरका हुक्क्यासारखा थेट छातीत घ्यावा लागतो. उलट बारीक तार, एकच कॉइल, १ ओहमच्या आसपास ठेवली तर तार पटकन तापते, वाफ थोडी पण दाट येते, आणि झुरका सिगारेटसारखा आधी तोंडात, मग आत. इंग्रजीत याला एमटीएल म्हणतात, हुक्क्यासारख्याला डीटीएल. दहा वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाच्या हाताला आणि घशाला कुठला झुरका ओळखीचा, हे मी वेगळं सांगायला नको. त्या फेकायच्या व्हेपही बहुतेक याच पहिल्या जातीच्या होत्या, म्हणून तर तुझं त्यांच्यावर जमलं.

ठसक्याचं कारणही इथंच आहे. फेकायच्या व्हेपमध्ये साधारणपणे २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट असायचं, तुमच्याकडे मिलिलिटरमागे तेवढीच कायद्याची कमाल मर्यादा आहे. ते द्रव दहाबारा वॉटवर ठीक. तेच तू एकशे अठरा वॉटच्या ड्रिपरवर ओतलं असशील तर एका झुरक्यात पाचदहा झुरक्यांचं निकोटिन गेलं असणार. ठसक्यावर सुटलास, मळमळून उलटी झाली नाही हे नशीब. डीटीएलवाले म्हणूनच ३ किंवा फार तर ६ मिलिग्रॅमचं द्रव वापरतात. तुझ्या एमटीएलला १२ ने सुरुवात कर, घशाला कमी वाटलं तरच वर जा.

ॲटमायझर कुठला, याचं उत्तर आता सोपं झालं. ड्रिपर, म्हणजे आरडीए, याला टाकी नसते. कापसावर चार थेंब टाकायचे, चार झुरके घ्यायचे, परत थेंब टाकायचे. चवीचे शौकीन रविवारी दुपारी बसून ओढतात त्यांच्यासाठी तो ठीक. तू कामाच्या मधल्या सुट्टीत बाहेर थंडीत उभा राहून कापसावर थेंब मोजत बसणार आहेस का? दोन दिवसांत कंटाळशील, आणि शेजारचा सिगारेटचं पाकीट पुढे करेल. खालून बाटली दाबून कापूस भिजवायचा स्क्वॉंक नावाचा प्रकार आहे, तोही छान आहे, पण तुझ्यासाठी नाही. आणि अर्धा ड्रिपर अर्धी टाकी असा आरडीटीए असतो, तो ना धड हे ना धड ते.

तू आरटीए घे. टाकीवाला. एका कॉइलचा डेक, म्हणजे कॉइल बसवायची बैठक, एमटीएलसाठी केलेला, २२ किंवा २४ मिलिमीटर व्यासाचा. तुमच्याकडे २०१६ च्या नियमांमुळे टाकी २ मिलिलिटरचीच मिळेल, तेवढी तुला दिवसभरात एकदोनदा भरावी लागेल. दुकानात हातात घेतलास की तीन गोष्टी बघ. कॉइलचे पाय दाबणारे स्क्रू फार बारीक नकोत, बारीक स्क्रूचा खाच आठवड्यात झिजतो आणि मग पक्कड घेऊन बसावं लागतं. हवेची कडी फिरवली की भोक एक मिलिमीटरच्या आसपास बारीक करता आलं पाहिजे, मोठ्या फटी असल्या तर तो डीटीएलचा माल आहे, नावावर जाऊ नकोस. आणि कॉइलवरचं टोपण घुमटासारखं, जवळ बसणारं हवं, वाफेला पसरायला मोकळी जागा जितकी जास्त तितकी चव पातळ. खालचे आटे सगळ्यांचे सारखेच असतात, ५१० म्हणतात त्यांना. तुझ्या बाबांना सांगितलंस की सात मिलिमीटर, अर्ध्याच्या पिचचे, तर ते लगेच टॅप काढून दाखवतील. कंपनीची नावं मी देत नाही. मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात, डेकची रचना बदलत नाही.

आता कॉइल, तुझ्या आवडीचा विषय. कांथल ए१ ची तार घे, २८ गेज, व्यास ०.३२ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर सहा वेढे. आता कागद-पेन्सिल घे. वेढ्याचा मध्यापासूनचा व्यास अडीच अधिक ०.३२, म्हणजे २.८२. त्याला पायनं, म्हणजे ३.१४ नं, गुण, एका वेढ्याला ८.९ मिलिमीटर तार लागली. सहा वेढ्यांना त्रेपन्न, दोन पायांची मिळून सहा धर, झाले एकोणसाठ. या तारेचा रोध मीटरला १८ ओहमच्या जवळ. उत्तर १.०५ ओहम. मॉडवर ११ वॉटपासून सुरुवात कर, अर्धा-अर्धा वॉट वाढवत १४ पर्यंत जा, मध्येच कुठेतरी तुझी जागा सापडेल. आणि १४ वॉटला, सेल उतरत आलेला असताना, चिपमधली गळती धरूनही करंट पाच ॲम्पिअरच्या आतच राहतो. कुठे अठ्ठावीस आणि कुठे पाच!

हेच सहा वेढे नायक्रोम ८० चे घेतलेस तर ०.८ ओहम येईल, ३१६एल स्टीलचे घेतलेस तर ०.५५. कांथलच का म्हणतो, तर एकाच मापात ओहम सर्वांत जास्त देते, वळवलेला आकार धरून ठेवते, आणि वरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर तिला राखतो. स्वीडनमधल्या हॉलस्टाहामर गावात हान्स फॉन कांट्झो याने लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम एकत्र करून ही तार काढली, नाव त्याचं आडनाव आणि ते गाव यांच्यावरून. भट्ट्यांसाठी केलेली तार आहे, चौदाशे अंशांपर्यंत टिकते. आपल्याकडच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना विचार. निकेल २०० आणि टायटॅनियमच्या तारा तापमान नियंत्रणासाठी विकतात, त्या साध्या वॉट मोडवर लावायच्या नाहीत आणि टायटॅनियम लाल करायचं नाही. तुला त्यांची गरज नाही.

बाबांचं रीळ मात्र दुकानातच राहू दे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण कारणं तीन आहेत. एक, नायक्रोम हे एकाच मालाचं नाव नाही. ऐंशी टक्के निकेल, वीस टक्के क्रोमियम असलेला वेगळा आणि लोखंड घातलेला स्वस्तातला वेगळा. धूळ खात पडलेल्या रिळावरचं लेबल कोण वाचणार? दोन, हीटरसाठीच्या तारेवर ओढकामाचं तेल, ग्रीस, काय काय असतं. हीटरमध्ये ते पहिल्या दिवशी धूर होऊन जातं आणि आपण खिडकी उघडतो. इथं तो धूर तुझ्या छातीत जाणार. तीन, आणि हे फार पोरांना कळत नाही, आपल्याकडे वायंडिंगवाले गेज म्हणतात ते एसडब्ल्यूजी, ब्रिटिश माप. व्हेपच्या तारेवर असतं ते एडब्ल्यूजी, अमेरिकन. बाबांची २८ नंबरची तार ०.३७६ मिलिमीटरची, व्हेपची २८ नंबरची ०.३२१. नंबर एकच, पण व्यासात इतका फरक पडला की ओहम पाव भागानं खाली येतो. व्हेपची २८ म्हणजे बाबांची जवळजवळ ३० नंबर. गंमत बघ, गेज ब्रिटिशांचं, ते आपण अजून जपून ठेवलंय आणि तू ब्रिटनमध्ये बसून अमेरिकन वापरणार. आणि वायंडिंगच्या तांब्याच्या तारेचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. तिला रोध जवळपास नाही, थेट शॉर्ट, आणि वरचं एनॅमल जळून जो वास येतो तो तुला लहानपणापासून माहीत आहे.

कॉइल बसवली की मोजायची. इथं तुझी सवय तुला दगा देईल. साधा मल्टिमीटर काढशील, पण त्याच्या दोन काड्या एकमेकींना टेकव आणि बघ, ०.२ किंवा ०.३ दाखवेल. तो काड्यांचाच रोध. म्हणजे ०.१५ ओहमच्या कॉइलला तो मीटर नुसती थाप मारतो. आणि तिथं ०.०५ ची चूक म्हणजे २८ चे ४२ ॲम्पिअर. १ ओहमला तीच चूक झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. जास्त ओहम ठेव म्हणतोय त्याचं हे आणखी एक कारण. मॉडच्या पडद्यावरचं रीडिंग धर, आणि कॉइल थंड असताना घे. नंतर कापूस न घालता नऊदहा वॉटवर बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाब. मधून लाल होऊन दोन्ही बाजूंना पसरली तर बरोबर. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर चिमट्यानं वेढे हलकेच जुळव. हे एकदोनदाच, कांथल आहे म्हणून भाजत बसायचं नाही. तापलेल्या कॉइलमधून निकेल, क्रोमियम वाफेत उतरतात हे तपासण्यांत दिसलेलं आहे, त्यात आपण भर कशाला घाला?

कापूस. माझ्या मते निम्मं काम इथं बिघडतं आणि दोष कॉइलला लागतो. तुझ्या आईला समईत वात घालताना बघितलं असशील. घट्ट वळलेली वात तेल वर चढू देत नाही, ज्योत बारीक होते आणि वातच जळते. ढिली झाली तर तेल ओघळतं. इथं तेच. कॉइलमधून कापूस ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. दोन्ही शेपट्या कात्रीनं तिरप्या कापून, विंचरून थोड्या पातळ करून खालच्या खाचांत नुसत्या टेकवायच्या, कोंबायच्या नाहीत. कोंबल्यास की कापूस कोरडा पडतो, आणि कोरड्या कापसावर झुरका घेतलास की ग्लिसरीन करपतं. कढईत तेल जास्त तापलं की डोळ्यांना झोंबतो ना वास, त्यातला ॲक्रोलिन तोच इथंही तयार होतो, शिवाय फॉर्माल्डिहाइड. तसा करपट वास आला की झुरका तिथंच सोडून द्यायचा, 'जरा ओढून बघू' नाही. टाकी पहिल्यांदा भरली की पाच-दहा मिनिटं तशीच ठेव. कापूस दर चारपाच दिवसांनी बदल. द्रव निम्मं-निम्मं घे, पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन), सत्तर टक्के व्हीजीचा घट्ट माल या बारीक खाचांतून वेळेवर चढत नाही.

सेल नवा घे, नाव असलेला, बॅटरीचाच धंदा करणाऱ्या दुकानातून. ९९०० एमएएच क्षमता लिहिलेला १८६५० दिसला तर तो खोटा, खऱ्या सेलमध्ये त्याच्या जवळपासही कुणी गेलेलं नाही. लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले नकोत. बाकी फाटलेल्या वेष्टनाचं वर झालंच आहे.

एक गोष्ट जाता जाता. ही कॉइल बनवायची हौस फार चिकट असते. बाजारात विणलेल्या, पिळलेल्या, वेणी घातलेल्या कॉइल मिळतात, नक्षीकाम बघून हुपरीचा चांदीचा कारागीरही मान हलवेल. तुझ्यासारख्या हात बसलेल्या माणसाला त्यातून बाहेर पडायला वर्षं लागतील आणि निकोटिन तसंच चालू राहील. वाफ सिगारेटच्या धुरापेक्षा कमी घातक आहे असं तुमच्याकडचे डॉक्टर सांगतात, ते सिगारेट सोडणाऱ्यासाठी सांगतात. निरुपद्रवी आहे असं कुणी म्हणत नाही. तेव्हा १२ वरून ६, ६ वरून ३ अशी तारीख आत्ताच कॅलेंडरवर घाल. टाकी तीच, कॉइल तीच, फक्त बाटली बदलायची.

आता दिवाळी. किट आणायचं नाही. भारतात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशानं आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं ई-सिगारेट तयार करणं, आयात करणं, नेआण करणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे, आणि त्यात पूर्ण वस्तूच नव्हे, तिचे सुटे भागही आले. म्हणजे 'नुसती टाकी आणतो, सेल आणत नाही' ही पळवाट बंद. पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याला तू लेस्टरचा कायदा समजावत बसणार का?

मला त्या किटपेक्षा तुझे ते दोन-तीन आठवडे जास्त अवघड वाटतात. हातात व्हेप नाही, संध्याकाळी रंकाळ्यावर जुनी टोळी जमणार, मिसळ झाली की टपरीवर चहा, आणि कुणीतरी पाकीट पुढे करणार. 'एकानं काय होतंय भावा?' दीड वर्ष तिथं जातं. म्हणून निघायच्या आधी तुमच्या जीपीशी, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरशी, बोल, निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम त्यांच्याकडून ठरवून घे. इथंही २ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. ते बबलगमसारखं चावत सुटायचं नाही, हळूहळू चावायचं, झोंबायला लागलं की गालात दाबून ठेवायचं. चहाबरोबर तर नाहीच, चहाने त्याचा असर कमी होतो. अगदीच हात शिवशिवायला लागले तर तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट फोन आहे, १८००-११२-३५६.

आणि भाचा. त्यानं आजवर सिगारेट ओढली नसेल तर त्याच्या हातात हे द्यायचं काहीही कारण नाही. तुझ्यासाठी ही सिगारेटवरून खाली उतरायची शिडी आहे, त्याच्यासाठी तीच चढायची होईल. आणि ओढत असेल तर ती गोष्ट त्याच्या आईसमोर नव्हे, तुझ्यासमोर बोलायला सांग. तू त्यातून गेलायस, तुझं ऐकेल. मामा म्हणून नाही म्हणणं जड जातं हे मला माहीत आहे, मलाही चार भाचे आहेत. त्याला कॉइलचंच वेड असेल तर सुट्टीत आजोबांच्या दुकानात बसव. दिवाळीनंतर शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी यायला लागतात, एका साडेसात एचपीच्या मोटारीचे स्टेटर भरायला दिले की चार दिवस हलणार नाही. आणि त्याला ते २८ नंबरचं कोडं घाल, एसडब्ल्यूजी की एडब्ल्यूजी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली पोरंही तिथं अडखळतात, मी बघितलंय.

तुझी पहिली कॉइल झाली की रीडिंग मला कळव. ०.९५ ते १.१५ च्या बाहेर आलं तर वेढे मोजायला चुकलायस.